लहान इंजिनाचें दुखणें

अहमदपूरच्या परिसरांत मृगाच्या सरी पडल्या, म्हणजे सोयाबीन आणि तूर यांच्या मागोमाग बांधावरचें गवतही जोमानें वाढतें. तें कापण्यासाठीं आतां खुरप्याच्या जोडीला खांद्याला अडकविण्याचें पेट्रोलचें यंत्र आलें आहे. शहरांतील बागेंतही तेंच दिसतें. तें ऐन निकडीच्या दिवशीं रुसलें, म्हणजे दोरी ओढून हात भरून येतात आणि उघडीपीचा दिवस वायां जातो.

हें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें. इंग्लंडांतील बाथ येथील जोसेफ डे यानें १८९१ सालीं त्याच्या रचनेचें पेटंट घेतलें. १९७२ सालीं आलेली चेतक स्कूटर दीर्घकाळ याच जातीच्या इंजिनावर धांवली. यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या पेटींत शिरतें आणि मग वर जातें. म्हणून त्या पेटींत तेल सांठवून ठेवतां येत नाहीं. वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें. निर्मात्यानें पन्नासास एक असें प्रमाण दिलें असेल, तर एका लिटरास २० मिलिलिटर. पंचवीसास एक असेल, तर ४०. नुसतें पेट्रोल घातल्यास दट्ट्या तापून नळकांड्याला घासतो, आणि दहा-वीस रुपयांच्या तेलाची बचत हजारोंचा खर्च उभा करते.

इंजिन चालू होत नसेल, तर प्रथम प्लग काढून पाहावा. दोरी पुष्कळदां ओढूनही तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोंचत नाहीं. टांकीतील गाळणी, नळी आणि कार्बोरेटर तपासावें. तो ओला असेल, तर पेट्रोल पोंचतें, पण ठिणगी पडत नाहीं किंवा पेट्रोल अति झालें आहे. प्लग पुसून, वाळवून अथवा नवा लावून पाहावा. इंजिन चालतें, पण जोर नाहीं, अशा वेळीं हवेची गाळणी व धूर बाहेर जाण्याचें तोंड पाहावें. तेथें काजळी सांचते. ती लांकडी काडीनें खरवडावी, लोखंडानें नव्हे. दोरी ओढतांना हाताला विरोधच लागत नसेल, तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या असाव्यात. तें काम मिस्त्रीचें.

पुष्कळशीं दुखणीं मात्र शिळ्या पेट्रोलापासून होतात. २०२५ पर्यंत भारतांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळूं लागलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें, आणि जुन्या यंत्रांतील रबरी भागांना तें मानवत नाहीं. म्हणून हंगाम संपतांच टांकी रिकामी करावी आणि उरलेलें पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें चालवावें.

एवढी काळजी घेतली, तर पुढच्या मृगांत यंत्र पहिल्या-दुसऱ्या ओढींतच सुरू होण्याची आशा धरावी. न घेतली, तर खुरपें आहेच. त्याला ना पेट्रोल लागतें, ना तेल, पण पाठ मात्र वाकवावी लागते.