रस्त्याची परीक्षा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी विषयाची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही मुलांच्या वळणावर चार शब्द सांगू, अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. आम्ही काँक्रीटच्या रस्त्यांवर बोलणार आहो. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या गणितशिक्षकाने स्थापत्यशास्त्रात शिरावे, हे काहींस धारिष्ट वाटेल. परंतु आपल्यात मालमोटारी बाळगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि हा विषय त्यांचाच आहे.

निमित्त आमच्या गल्लीचे. दोन वर्षांपूर्वी तेथे काँक्रीट घातले गेले. काँक्रीट कठीण होता होता आकसते. म्हणून ते पुरेसे आवळताच, काही तासांतच, यंत्राच्या करवतीने ठरावीक अंतरावर खाचा पाडाव्या लागतात. पुढची चीर त्या खाचेखाली सरळ जाते, तोच सांधा. आमच्या कंत्राटदाराची करवत दोन दिवसांनी आली. तोवर लादीने आपला सांधा आपणच, वाकडातिकडा, पाडून घेतला होता! तेव्हापासून या विषयाचे वाचन आम्हांस जडले.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटवा गावाजवळ एक विलक्षण परीक्षा झाली. तिला ‘आशो रोड टेस्ट’ म्हणतात. रस्त्याचे सहा बंदिस्त फेरे बांधले. त्यांत काही भाग डांबरी, काही काँक्रीटचे. काँक्रीटची जाडी कोठे अवघी २.५ इंच, तर कोठे १२.५ इंच. एक फेरा मुद्दाम वाहतुकीविना ठेवला. उरलेल्या पाचांवर ऑक्टोबर १९५८ पासून नोव्हेंबर १९६० पर्यंत लष्करी जवानांनी मालमोटारी हाकल्या. आसांच्या ११ लाख १४ हजार फेऱ्या झाल्या. खर्च २ कोटी ७० लक्ष डॉलर.

काँक्रीटच्या भागांचा घात प्रामुख्याने पाण्याने केला. सांध्यातून झिरपलेले पाणी लादीखाली साचते. जड चाक सांध्यापाशी येताच लादीचे टोक किंचित दबते, चाक पुढील लादीवर जाताच ती दबते, आणि पाणी पिचकारीसारखे उसळून बारीक माती घेऊन बाहेर पडते. काही माती मागील लादीखाली सरकते. असे लाखो वेळा झाले की पुढील लादीखाली पोकळी होते, सांध्याशी पायरी पडते, आणि आधार गेलेली लादी फुटते. सांध्यात बसविलेल्या गुळगुळीत लोखंडी सळया भार शेजारच्या लादीवर पोहोचवतात, म्हणून हा घात लांबतो. टळतोच असे नाही.

पण दोन वर्षांत भार कोंबता येतो, वय कोंबता येत नाही. वार्षिक परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वीस वर्षांनी बाजारात भेटतो, तेव्हा त्याची खरी गुणपत्रिका दिसते, हा आमचा जुना अनुभव. तगलेल्या लाद्या पुढे आंतरराज्य मार्ग क्रमांक ८० मध्ये सामावून घेतल्या गेल्या. १९६२ साली तो भाग खुला झाला आणि त्यावर आणखी बारा वर्षे लक्ष ठेवले गेले. पुढे १९८७ साली अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे २,५०० तुकड्यांवर निदान वीस वर्षे नजर ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यांतील सांधेयुक्त काँक्रीटच्या एका मालिकेत ८ इंच व ११ इंच जाडी, १२ फुटी व १४ फुटी रुंदी, आणि लादीखाली निरनिराळे थर, असे ५०० फुटी तुकडे अनेक राज्यांत बांधले. अनुभव मोठा बोधक आला. लादीखाली कठीण अशा दुबळ्या काँक्रीटचा थर दिला, तेथे तडे अधिक. पाणी वाहून जाऊ देणारा, डांबराने बांधलेला सच्छिद्र खडीचा थर दिला, तेथे सर्वांत कमी. म्हणजे बळकट पाया हवा, हे आम्ही वर्गात सांगत आलो ते अपुरेच होते!

आता मालमोटारवाल्यांकडे वळतो. ऑटवाच्या आकड्यांवरून एक ढोबळ नियम निघाला: रस्त्याची हानी आसावरील भाराच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. भार दुप्पट, तर हानी सोळापट. भार एकपंचमांशाने वाढवला, तरी हानी दुप्पट होते, १.२ चा चौथा घात मुलांकडून काढवून घ्यावा. २०१८ साली सरकारने चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. या नियमाने ती कायदेशीर वाढसुद्धा सुमारे १.६ पट झीज करते. त्यावर जो चोरून माल भरतो, त्याचा हिशोब त्यानेच करावा. डिझेल महागले, भाडे वाढत नाही, ही आपल्या बांधवांची तक्रार खोटी नाही. आमचे धाकटे बंधू याच धंद्यात आहेत आणि या भाषणामुळे ते आम्हांवर रुष्ट होतील. परंतु २००२ साली पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच सांधेयुक्त जातीचा आहे, आणि त्यावरून आपल्याच मोटारी जातात.

आमच्या गल्लीतील त्या आपोआप पडलेल्या सांध्यात सळया नाहीत. पाण्याचे टँकर रोज त्यावरून जातात. प्रत्येक पावसाळ्यानंतर आम्ही फूटपट्टीने तेथील पायरी मोजतो. पहिल्या वर्षी १ मिलिमीटर भरली, यंदा ३. चिटणीसांनी पुढील वर्षी पुन्हा बोलावले, तर तिसरा आकडा सांगू.