मंदीत खर्च कोणी करावा?

मंदीच्या काळात ग्राहकाने पैसा खर्च करावा की राखून ठेवावा, या प्रश्नाला अर्थशास्त्रात दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही खरी असतात. घराच्या हिशेबाने पाहिले तर उत्पन्नाचा भरवसा नसताना हात आखडता घेणे शहाणपणाचे ठरते. बाजाराच्या हिशेबाने पाहिले तर एकाचा खर्च तेच दुसऱ्याचे उत्पन्न. सगळ्यांनीच हात आखडला की सगळ्यांचीच मिळकत घटते, आणि ज्या बचतीसाठी खर्च कापला तीही पदरात पडत नाही. जॉन मेनार्ड केन्स यांच्या १९३६ च्या ग्रंथामुळे हा विचार सर्वपरिचित झाला. त्याआधी जानेवारी १९३१ मध्येच त्यांनी नभोवाणीवरून ब्रिटनमधल्या गृहिणींना दुकानांत जाऊन खरेदी करण्याचे आवाहन केले होते. काटकसरीचा विरोधाभास म्हणून ही मांडणी पाठ्यपुस्तकांत रुळलेली आहे. नाशिकच्या गोदाघाटावर वर्षानुवर्षे व्याख्याने ऐकणाऱ्या श्रोत्यांना तिची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही.

त्या मांडणीत एक मोठी उणीव मात्र आहे. तिच्यात सगळे ग्राहक एकसारखे धरलेले असतात. प्रत्यक्षात मंदी एकाच गल्लीतल्या दोन घरांना वेगवेगळी भेटते. एका घरात पहिल्या तारखेला पगार किंवा निवृत्तिवेतन जमा होते, दुसऱ्या घरात उद्या काम आहे की नाही हे आज संध्याकाळी कळते. म्हणून ग्राहकाने काय करावे यापेक्षा कोणत्या ग्राहकाने काय करावे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ज्याचे उत्पन्न मंदीतही शाबूत आहे त्याने खर्च चालू ठेवावा, शक्य तर वाढवावा. ज्याचे उत्पन्न डळमळीत आहे त्याने बिनदिक्कत राखून ठेवावे, आणि त्याला खर्चाचा उपदेश कोणी करू नये. पुढचे सारे विवेचन याच भूमिकेवरून केलेले आहे.

प्रथम मंदीचे प्रकार. स्वतंत्र भारतात १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१ या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न प्रत्यक्ष घटले. यांतली पहिली चार वर्षे मुख्यतः पावसाने दगा दिल्याची. १९७९-८० मध्ये तेलाच्या भाववाढीचीही भर पडली. दुष्काळात मालाचाच तुटवडा असतो. अशा वेळी लोकांनी जास्त खर्च केला तर भाव तेवढे चढतात, उत्पादन वाढत नाही. केन्सप्रणीत सल्ला लागू पडतो तो उलट स्थितीत: कारखाना उभा आहे, कामगार तयार आहे, माल गोदामात पडून आहे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. १९२९ नंतरची जागतिक महामंदी आणि २०१९ ची वाहन उद्योगातली घसरण या दुसऱ्या जातीच्या. दोन्हींचा नाशिकशी संबंध आहे.

महामंदीत भारतातील शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोखीत ठरलेला होता आणि सावकाराचे व्याजही रोखीतच. तेवढाच सारा भरायला आता दुप्पट धान्य किंवा दुप्पट कापूस विकावा लागे. रुपयाचा दर १९२७ पासून १ शिलिंग ६ पेन्स असा बांधलेला होता. तो चढा आहे, त्याने शेतकरी मारला जातो, ही भारतीय व्यापाऱ्यांची आणि राष्ट्रीय पुढाऱ्यांची तक्रार होती. सरकारने ती ऐकली नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले, रुपया स्टर्लिंगलाच जखडलेला राहिला, आणि सोन्याचा रुपयांतला भाव चढू लागला. कायद्याने २१ रुपयांच्या थोडा वर ठरलेला तोळ्याचा भाव पुढच्या काही वर्षांत ३० रुपयांपलीकडे गेला.

आणि मग गावोगावचे सोने बाहेर पडले. या घटनेपाशी थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण बचत म्हणजे काय हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. शेतकरी कुटुंब पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ फडक्यात बांधून तालुक्याच्या सराफाकडे नेई. सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासून कस पाही, लाख आणि मणी काढून टाकी, तोळे-मासे-गुंजांत वजन करी. घडणावळीचे पैसे विकताना कधीच परत मिळत नाहीत, ते तिथेच बुडत. मग दागिना मुशीत जाई. आटवलेल्या सोन्याच्या लगडी मुंबईच्या बाजारात पोचत आणि तिथून जहाजाने लंडनला रवाना होत. १९३१ ते दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत भारतातून अशा रीतीने ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने गेले. त्याला संकटातले सोने असेच नाव पडले. निर्यातबंदीची मागणी झाली. सरकारच्या मते लोक दडवलेली संपत्ती नफ्यासाठी बाहेर काढत होते, म्हणून बंदी आली नाही. ज्या घरातून पाटल्या गेल्या त्या घराला हा नफा वाटला असेल असे मानणे कठीण आहे. ते बहुतांशी स्त्रीधन होते, आईकडून लेकीकडे येणारे.

त्या सोन्याच्या बदल्यात हाती येणाऱ्या नोटा नाशिकरोडच्या होत्या, हा तपशील नाशिककरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूर्वी भारतीय नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९२८ मध्ये नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस सुरू झाला आणि पाच रुपयांची नोट तिथे छापली जाऊ लागली. छापखान्यातल्या नोकरदाराचा पगार ठरलेला होता. सारा भरण्यासाठी बैल विकायचा नाही म्हणून पाटल्या विकणारा शेतकरी त्याच जिल्ह्यात, काही कोसांवर राहत होता.

त्या काळी शेतकऱ्यांना कोणी खर्चाचा सल्ला दिला असता तर तो अन्याय ठरला असता. सुगीच्या वर्षांत अंगावर घातलेले सोने हीच त्यांची बँक होती, आणि तिच्यामुळे पुष्कळांच्या जमिनी वाचल्या. ज्यांच्याकडे सोने नव्हते त्यांच्या जमिनी सावकाराकडे गेल्या. डळमळीत उत्पन्नाच्या घराने चांगल्या दिवसांत राखावे आणि वाईट दिवसांत तेच मोडून खावे, याचा हा पुरावा आहे.

पगारदारांची गोष्ट निराळी. १९३१ च्या अखेरीस सरकारी नोकरांच्या पगारात १० टक्के कपात झाली. पण १९२९ पासून पुढच्या चार वर्षांत घाऊक भाव एक तृतीयांशाहून अधिक उतरले होते. म्हणजे कपात सोसूनही त्यांच्या पगारात पूर्वीपेक्षा जास्त वस्तू येत. हा पैसा जिथे खर्च झाला तिथे कामे उभी राहिली. मुंबईत शिवाजी पार्क, दादर-माटुंगा आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या इमारती याच दशकात मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. सिमेंटला मागणी आली. १९३२ च्या संरक्षक कायद्याने देशी साखरेला बाजार मिळाला आणि नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना सुरू केला. यामागे सरकारी जकातीचा वाटा मोठा होता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: साखर विकत घेणारे, भाड्याने जागा घेणारे कोणीतरी होते, आणि त्यांचा पगार चालू होता.

आता २०१९. वित्तसंस्थांच्या अडचणींमुळे वाहनकर्ज महागले आणि दुर्मीळ झाले. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक येणार होते, जीएसटी कमी होईल अशी आशा होती, म्हणून ज्यांच्या हाती पैसा होता तेही थांबले. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची कंपन्यांकडून होणारी विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. वाहन आणि सुट्या भागांच्या मोठ्या कंपन्यांनी ‘नो प्रॉडक्शन डे’ जाहीर केले. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत या तीन शब्दांचा अर्थ लहान मुलांनाही कळला.

मोठ्या कारखान्यातल्या कायम कामगाराला त्या दिवसाचा पगार बहुधा कोणत्या ना कोणत्या तडजोडीने मिळतो. त्याखालची उतरंड मात्र लांब आहे. दोन पॉवर प्रेस आणि एक सीएनसी मशीन असलेले जॉबवर्कचे वर्कशॉप त्या कंपनीच्या व्हेंडरच्याही व्हेंडरकडून काम घेते. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग दुसरी पाळी. मग ठेकेदार हेल्परना सांगतो, फोन येईपर्यंत येऊ नका. जुन्या चलनांचे पेमेंट नव्वद दिवसांवर जाते. ज्या खानावळीत हे हेल्पर महिन्याच्या बोलीवर जेवतात तिथली वही फुगते, आणि खानावळवाली बाई किराणा उधार आणू लागते. शोरूममध्ये गाडी बघून ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणणारा माणूस आणि ही बाई यांच्यात सरळ दोरी आहे, फक्त ती दिसत नाही.

२०२० मध्ये तीच दोरी सगळ्या देशाला दिसली. एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. त्याच तिमाहीत, रिझर्व्ह बँकेच्या प्राथमिक अंदाजानुसार, कुटुंबांची वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पादनाच्या २१ टक्क्यांवर चढली; पुढच्या तिमाहीत ती १०.४ टक्क्यांवर आली. देश अडचणीत आणि बचत उच्चांकावर, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. दुकाने बंद होती, भीती होती, आणि ज्यांचा पगार चालू होता त्यांच्या खात्यात तो साचत होता. मुंबई-आग्रा महामार्गावरून पायी गावाकडे निघालेल्या मजुरांची त्या बचतीत भर नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन योजना आणल्या: प्रवास सवलतीच्या बदल्यात खरेदीची मुभा, आणि १०,००० रुपयांची बिनव्याजी सण-अग्रिम रक्कम. दोन्ही ३१ मार्च २०२१ पर्यंत खर्चायच्या होत्या. नेम योग्य माणसावर होता, कारण सरकारी पगार बुडणार नव्हता. चूक अटीत झाली. प्रवास सवलतीच्या योजनेत १२ टक्के किंवा त्याहून अधिक जीएसटी लागणारीच वस्तू घ्यायची होती. म्हणजे टीव्ही, फ्रिज, मोबाइल. शिंपी, सुतार, रंगारी, भाजीवाली या सगळ्यांना त्या अटीने बाहेर ठेवले.

यातून खर्च कशावर करावा हा पुढचा मुद्दा निघतो. भारतात लागणारे जवळजवळ सगळे सोने आयात होते. सराफ बाजारात मोजलेल्या रकमेतली घडणावळ कारागिराला आणि नफा दुकानदाराला मिळतो, उरलेला मोठा भाग देशाबाहेर जातो. डळमळीत उत्पन्नाच्या घराने सोने घेणे समजण्यासारखे आहे. १९३१ त्याला साक्ष आहे. पण सुरक्षित पगाराच्या माणसाने मंदीत सोने घेतले तर गावातल्या मंदीला त्याचा उपयोग फार थोडा. तोच पैसा घराच्या डागडुजीवर, गळक्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर, शिवणकामावर खर्चला तर तो बहुतांश मजुरीच्या रूपाने शहरातच फिरतो. हाती आलेल्या रुपयातले ८० पैसे प्रत्येकाने पुढे खर्च केले तर १०,००० रुपयांच्या कामातून गणिताने ५०,००० रुपयांपर्यंत उलाढाल होऊ शकते. आयात आणि कर यांची गळती धरता प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते, तरी एकपटीपेक्षा जास्त भरते.

सर्वांत चांगला खर्च म्हणजे देणे वेळेवर चुकते करणे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावी लागतात. हा नियम घरालाही लावावा. मोलकरणीचा पगार कापू नये, शिकवणीची फी थकवू नये, प्लंबरला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणू नये. नवीन कर्ज काढून खर्च करण्याचा सल्ला मात्र कोणालाच देता येत नाही.

नोटप्रेस, ओझरचा विमान कारखाना, जिल्हा परिषद, बँका, महाविद्यालये आणि या सर्वांचे निवृत्त कर्मचारी, असा मोठा वर्ग नाशिकमध्ये आहे. व्याख्यानाच्या पहिल्या रांगांतही तोच बसलेला असतो. आयुष्यभर काटकसर केलेल्या या पिढीला हे बोट आपल्यावरच रोखलेले वाटेल. आजारपणासाठी राखलेल्या ठेवीला कोणी हात लावावा असे येथे म्हटलेले नाही. दरमहा खर्च होऊन जो पैसा उरतो आणि केवळ मंदीची बातमी वाचून आणखी उरवला जातो, त्याच्यापुरतेच हे आहे.

वेळेअभावी बचतीच्या जागेबद्दल एवढेच नोंदवणे शक्य आहे. बँकेतल्या ठेवीवरचे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपयांवर गेले. पतसंस्थांना हे संरक्षण नाही. डळमळीत उत्पन्नाच्या घराने सहा महिन्यांचा खर्च जमवताना दीड टक्का जास्त व्याजाच्या मोहात हा फरक विसरू नये.

शेवटी राज्यसंस्थेचा वाटा. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने बळ मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा हा पैसा, आणि त्याच्या जोडीने शासनाने घालायचा तेवढाच वाटा, गावातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी राखला गेला. पगारपत्रकावर आजही तो दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा दिसतो. वर्षाचे २,५०० रुपये ही राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादा आहे आणि १९८८ नंतर ती वाढलेली नाही.