भांगेच्या झाडाची दुसरी ओळख



भांग हा शब्द कानी पडताच महाशिवरात्रीची थंडाई किंवा गांजाची चिलीम डोळ्यांपुढे उभी राहते, आणि सभ्य गृहस्थ मान फिरवतो. त्याचे हे करणे अगदीच अनाठायी नाही. या व्यसनाने अनेक घरे धुळीस मिळवली आहेत. परंतु ज्या झाडावर हा कलंक बसला, त्याच झाडाने माणसाला दोर, वस्त्र, कागद आणि अन्न दिले, ही गोष्ट मात्र विस्मृतीत गेली.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजांनी ज्याला ज्याला हेम्प म्हटले ते सारे एकच झाड नव्हे. आपल्याकडील सण, ज्याला पुष्कळ ठिकाणी तागही म्हणतात, हा कडधान्यांच्या कुळातील. अंबाडी जास्वंदीच्या कुळातील. मनिलाचा प्रसिद्ध दोर तर केळीच्या एका भाईबंदापासून होतो. या तिघांचाही मादकतेशी काडीचा संबंध नाही. खरे हेम्प म्हणजे भांगेचेच झाड, ज्याचे शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायवा.

या झाडाच्या प्रत्येक भागाचा गुण निराळा आहे. मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो, त्यातील राळेचा चरस, आणि पानांची भांग. खोडाच्या सालीत मात्र बळकट वाख असतो. खोडे काही दिवस पाण्यात कुजत घातली म्हणजे वाखाला चिकटून असलेला डिंकासारखा पदार्थ सूक्ष्म जंतू खाऊन टाकतात. मग साल सोलून, धुऊन, वाळवून वाख निघतो. ज्याने अंबाडीचा वाख काढताना पाहिला आहे, त्याला ही कृती नवी वाटणार नाही. शिडांच्या जहाजांच्या काळी युरोपातील आरमारांचे दोर आणि शिडे मुख्यतः याच वाखाची असत. कॅनव्हास हा शब्दही कॅनाबिस या नावापासूनच निघाला आहे.

बियांची कथा आणखी वेगळी. त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा तेल आणि सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात, मादकता नसल्यासारखीच. कुमाऊँच्या डोंगराळ मुलुखात हे बी भाजून, वाटून चटणी करण्याचा प्रघात जुना आहे. ती चटणी लहान मुलेही खातात आणि कोणास झिंग येत नाही. तेथेच या वाखाचे दोर वळले जात आणि जाडेभरडे कापडही विणले जाई.

आपल्या मराठवाड्यातही या झाडाची एक साक्ष आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले असल्याचे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते आढळले नाहीत, आणि तेथील चित्रांची किडींनी मोठी हानी केली. वेरूळचा गिलावा शतकानुशतके टिकला, त्याचे श्रेय या मिश्रणाला असावे, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

मग अशी उपयुक्त वनस्पती शेतातून नाहीशी का व्हावी? सुक्याबरोबर ओलेही जळते, हेच खरे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी केली. पण वाख आणि बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार त्याच कायद्याने शासनाकडे ठेवला. या वाटेने उत्तराखंडाने 2018 साली परवान्याची शेती सुरू केली. तेथे अट अशी की पिकातील मादक द्रव्य शेकडा 0.3 हून अधिक असता कामा नये. 2021 साली बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून केंद्रीय मान्यताही मिळाली.

यावरून कोणी परसात बी पेरण्याचा विचार करील, तर त्याने तो तत्काळ सोडावा. विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, आणि पेरणाऱ्याचा हेतू चांगला होता एवढ्याने सुटका होत नाही. शिवाय कोणत्या रोपात किती मादकता आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यास प्रयोगशाळाच लागते.

डोंगरउतारावरील गरीब शेतकऱ्याला मात्र या भेदावरच भाकरी मिळवायची आहे. त्याच्या शेताकडे पाहणाराने हे गांजाचे पीक की वाखाचे, असा प्रश्न आधी विचारला, तर त्याचे अर्धे ओझे उतरेल. झाड स्वतः सज्जनही नसते आणि दुर्जनही नसते. त्याचा कोणता भाग कशासाठी हाती घ्यावा, याचा विवेक माणसालाच करावा लागतो.