दुखते म्हणून हात वाचतो

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड्. झालेला एक साधा शिक्षक आहे. तरीही आज मी आपल्या शरीरातील मज्जासंस्थेविषयी चार शब्द बोलणार आहे. कारण या विषयातील माझ्या अज्ञानाने झालेली एक चूक मला अजून सलते.

घरातील रोजचा प्रसंग घ्या. भाकरी भाजताना आईचे बोट तव्याला लागते. हात झटकन मागे येतो आणि 'भाजले' हे तिला मागाहून कळते. असे का होते? आपल्या कातडीत स्पर्श, दाब, उष्णता आणि वेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके असतात. तेथून निघालेली वर्दी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचते. मज्जारज्जू मेंदूच्या हुकुमाची वाट न पाहता परस्पर स्नायूंना आज्ञा देतो, 'हात काढ!' यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. पुढे वेदनाही दोनदा येते. प्रथम चटका, मग रेंगाळणारी आग. ही आग वाहून नेणारे तंतू बारीक व मंद असतात. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे 1 मीटर एवढाच धावतो.

वेदना कोणाला आवडते? पण हा पहारेकरीच झोपला तर काय होते, ते ऐका.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याने चहाचे पातेले फडक्याने धरून आणले. त्याच्या उजव्या हाताची करंगळीकडची कड तापलेल्या पातेल्याला टेकली होती; पण त्याने हूं की चूं केले नाही. मी सर्वांसमोर म्हणालो, "शाबास! मोठा धीराचा आहेस." दुसऱ्या दिवशी त्या कडेला मोठा फोड होता. "दुखत नाही?" मी विचारले. तो सहज म्हणाला, "नाही सर, तिथे काही कळतच नाही."

मित्रांनो, तो धीर नव्हता. तो कुष्ठरोग होता. दंडावर एक फिकट डाग होता. मोठ्या बहिणीचे लग्न जमायचे होते, म्हणून घरच्यांनी तो दोन वर्षे पूर्ण बाहीच्या सदऱ्याखाली झाकला होता.

हा शाप नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये याचा जंतू शोधला. हा जंतू कातडीवर आणि हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? त्याच नसेवर त्याचा विशेष डोळा असतो. या रोगात बोटे आपोआप झडतात, ही समजूत चुकीची आहे. वेदना कळत नाही, म्हणून भाजते, कापते, जखम चिघळते आणि बोटांचा नाश होतो. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली.

आज यावर खात्रीचा इलाज आहे. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने ती घ्यावी लागतात. उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांना धोका राहत नाही. मग लपवायचे कशासाठी?

पालकांनो, प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कुष्ठरोग नव्हे. कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो. मुलाला डोळे मिटायला सांगा, कापसाचे टोक डागावर हलकेच टेकवा आणि कोठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आले नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. कळले तरी डाग जात नसेल, तर दाखवून घ्यायला हरकत नाही. हातापायाला बधिरपणा किंवा बोटांत अशक्तपणा आला तरीही थांबू नका.

तो मुलगा औषधाने पूर्ण बरा झाला. त्याच्या बहिणीचे लग्नही झाले. परंतु करंगळीची गेलेली संवेदना परत आली नाही. त्या दोन वर्षांत नस कायमची दुखावली होती. आजही तो गरम भांड्याला हात लावण्यापूर्वी आधी डोळ्यांनी पाहतो. जे काम त्याच्या बोटाने करायचे, ते आता त्याला डोळ्यांकडून करून घ्यावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, वर्गमित्राला चटका बसूनही तो हसत असेल, तर माझ्यासारखी शाबासकी देऊ नका. त्याला विचारा, "तुला कळले का?" आणि आम्हां शिक्षकांना येऊन सांगा.