रानातून वाणाकडे



अळिंबी उत्पादकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. बाजारभाव, अनुदान, वाळवणी, शीतगृह या विषयांवर इथे स्वतंत्र सत्रे आहेत आणि ती हवीतच. मला मात्र या सगळ्यांच्या मुळाशी असलेला एक विषय मांडायचा आहे, तो म्हणजे वाण. आपण बेडमध्ये जे स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, भरतो, त्यातले वाण कुठून आले, ते कोणी घडवले आणि पुढचे कोण घडवणार?

आपल्या देशात धिंगरी अळिंबीची पायवाट १९६२ मध्ये म्हैसूरला पडली. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवून दाखवली. पुढे १९७४ मध्ये जंदाइक यांनी हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या खोडावर उगवलेली एक रानटी धिंगरी लागवडीखाली आणली. तीच ‘साजोर काजू’ या नावाने देशभर पोचली. उबदार हवेत, साध्या झोपडीत आणि साध्या काडावर ती येते, म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल तिने सांभाळली. दुधी अळिंबीची नोंद त्याच वर्षी पश्चिम बंगालमधून झाली. तिच्यातून तमिळनाडू कृषी विद्यापीठाने एपीके-२ हे वाण दिले आणि उन्हाळ्यात पस्तीस अंशांच्या आसपासही पीक घेता येऊ लागले.

या दोन्ही कथांचा आरंभ रानात आहे. पण रानात सापडतो तो फक्त एक नमुना. त्याचे वाण व्हायला निवड, नोंद आणि नकार लागतो, तोही वर्षानुवर्षे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. उत्तम फळाच्या देठातला पेशींचा तुकडा काढून आगरवर वाढवला की जसेच्या तसे तेच पीक मिळते. त्याच फळाचे बीजाणू पेरले, तर प्रत्येक बीजाणू वेगळा गुण घेऊन उगवतो. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही: हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असे नाही, त्यासाठी कलम बांधावे लागते. पेशीसंवर्धन म्हणजे आपले कलम. ते असलेला गुण राखते, नवा गुण देत नाही. नवा गुण हवा असेल तर बीजाणूंकडेच जावे लागते आणि तिथून पैदाशीचे खरे काम सुरू होते.

धिंगरीच्या एका बीजाणूपासून उगवणाऱ्या कवकजालाच्या प्रत्येक पेशीत एकच केंद्रक असते. अशा जालाला सहसा फळ धरत नाही. दोन जुळणारी जाले भेटली की प्रत्येक पेशीत दोन केंद्रके शेजारी शेजारी नांदू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या सांध्यावर छोटा आकडा दिसला की जोडी जमली असे समजायचे. एका फळाच्या बीजाणूंमध्ये चार लैंगिक गट असतात. त्यामुळे एकाच फळाच्या बीजाणूंची आपसात गाठ घातली, तर सरासरी चारातली एकच जोडी जमते. दोन वेगळ्या रानांतल्या नमुन्यांचे बीजाणू मात्र बहुधा जुळतात. जवळच्या नात्यातल्या संकराला निसर्गानेच असा आळा घातला आहे.

म्हणून पैदाशीचा क्रम असा ठरतो. दोन चांगले नमुने घ्यायचे, त्यांचे बीजाणू एकेक वेगळे करायचे, जोड्या लावायच्या. मग प्रत्येक जोडीचे स्पॉन करून एकाच काडावर, एकाच हंगामात, ओळखीच्या एका वाणाशेजारी वाढवायचे. पहिली फूट किती दिवसांत आली, एक किलो कोरड्या काडामागे किती अळिंबी निघाली, टोपीचा रंग आणि जाडी कशी, काढणीनंतर किती वेळ टिकली, हे सारे लिहायचे. त्यांतल्या बहुतेक जोड्या बाजूला सारायच्या. उरलेल्या दोनचारांचे बीजाणू घेऊन पुन्हा तेच करायचे. एखादा गुण पक्का बसावा म्हणून एकाच घराण्यात पिढ्यामागून पिढ्या संकर करत राहिलो, तर जोम हळूहळू घटतो. तेव्हा बाहेरचे रक्त आणायचे आणि गुण टिकला का ते पुन्हा तपासायचे. गहू-ज्वारीच्या पैदासकाराला संकरित बियाण्यातला गुण पुढच्या पिढ्यांत स्थिर करावा लागतो. आपल्याला एक सवलत आहे. हवी तशी जोडी एकदा हाती लागली की कवकजाल वाढवून ती तशीच राखता येते. अर्थात जपणूक नीट असेल तरच, कारण जाल पुन्हापुन्हा नव्या आगरवर हलवत राहिले की ते थकते, त्यात वेगळे पट्टे दिसू लागतात आणि उत्पादन घसरते.

बटन अळिंबीचा इतिहास आपल्याला याहून मोठा धडा देतो. १९२६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतात तपकिरी अळिंबीच्या वाफ्यात पांढऱ्या अळिंबीचा झुबका उगवला. जगभरची पांढरी बटन अळिंबी तिथून पसरली. या जातीत संकर करणे फार अवघड असते, कारण तिच्या बहुतेक बीजाणूंत दोन जुळणारी केंद्रके आधीच बसलेली असतात. तरीही नेदरलँड्समधील हॉर्स्ट येथे गेर्डा फ्रिट्शे यांनी चिकाटीने शुभ्र आणि मळकट पांढऱ्या वाणांचा संकर केला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून यू-१ हे वाण आले. ते इतके सरस ठरले की पुढे जगातली बहुतेक पांढरी वाणे त्याचीच प्रत किंवा जवळची भावंडे निघाली.

हे यश आणि हाच धोका. सगळ्यांच्या खोल्यांत एकच रक्त असेल, तर एका नव्या रोगाला सगळी दारे एकदम उघडी सापडतात. संशोधक रिचर्ड केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखले आणि रानटी बटन अळिंबीचे नमुने जगभरातून गोळा करायला घेतले. कॅलिफोर्नियाच्या सोनोरन वाळवंटात त्यांना एक प्रकार सापडला, १९९३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे बहुतेक बीजाणू एकेका केंद्रकाचे असतात, म्हणून त्याचा संकर सोपा आहे. शिवाय त्याला अधिक उष्णतेतही फळ धरते. सगळ्या शुभ्र वाणांना जे येत नव्हते, ते वाळवंटातल्या एका रानटी नातेवाइकाला येत होते.

मित्रहो, निवड कशासाठी करायची हेही आपणच ठरवायचे असते. धिंगरीच्या खोलीत बीजाणूंचा धुरळा उडतो, रोज तो श्वासात गेला की फुप्फुसाला त्रास होतो. नेदरलँड्समध्ये या कारणासाठी बीजाणू न धरणारे धिंगरीचे वाण तयार केले गेले. आपल्याकडे अनेक झोपड्यांत सकाळची काढणी बायका करतात. त्यांचा श्वास हा पैदाशीचा गुण आहे, हे मी इथे आग्रहाने सांगतो. तसेच चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तग धरणे, शीतगृहाशिवाय तालुक्याच्या बाजारापर्यंत टवटवीत राहणे, सोयाबीनच्या कुटारावर उत्तम येणे. हे आपले गुण आहेत. दुसऱ्या कुणी आपल्यासाठी त्यांची निवड करणार नाही.

पहिल्या पावसानंतर सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलांत किती तऱ्हेच्या अळिंबी उगवतात, हे आपल्या आदिवासी बांधवांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांतल्या सगळ्या लागवडीला येणार नाहीत. गोव्यात ज्यांना ओळमी म्हणतात त्या वारुळावरच्या अळिंबी वाळवीच्या सोबतीशिवाय वाढत नाहीत. त्या रानातच जपायच्या. पण लाकडावर वाढणाऱ्या धिंगरीच्या रानटी जातींतून आपल्याला पुष्कळ काही घेता येईल. ते घेताना २००२ चा जैवविविधता कायदा पाळायचा, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्यायचे आणि त्या ज्ञानाचा लाभ ज्यांचे ज्ञान आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचा.

समारोपाच्या सत्रासाठी मी तीन ठराव सुचवतो. पहिला, रानटी नमुना घेताना ठिकाण, झाड, तारीख आणि छायाचित्र यांची नोंद करावी. तज्ज्ञाने ओळख पटवल्याशिवाय तो कोणीही चाखू नये आणि त्याचे संवर्धन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाकडे व सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाकडे द्यावे. दुसरा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ येथे उत्पादकांचे चाचणी गट करावेत, जे एकाच पद्धतीने नवी वाणे तपासतील आणि आकडे उघडपणे मांडतील. तिसरा, स्पॉनच्या पिशवीवर नुसते ‘धिंगरी’ लिहून भागवू नये. वाणाचे नाव, मूळ संवर्धन कुठले आणि ते कितव्यांदा वाढवलेले आहे, हे छापावे.

यांतल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही. लागते ती वही, शिस्त आणि एकमेकांवर विश्वास. दुसऱ्याने घडवलेले वाण आपण उत्तम वाढवले आहे. आता आपल्या हवेचे, आपल्या काडाचे आणि आपल्या माणसांच्या सोयीचे वाण घडवण्याची जबाबदारी आपण घेऊ या. पहिल्या चाचणी गटात माझे नाव आजच लिहून घ्यावे, ही विनंती.