सुईने कंबर राहते काय?

मंडळी, उंद्रीकडे निंदण करून कंबर धरली की कोणी बिब्ब्याचा चटका देतो, कोणी आता सुया टोचून घे म्हणतो. ही चिनी विद्या. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातल्याच डॉ. बसूंनी ती पुढे भारतात आणली. पण गुण येतो का? जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीचे ११६२ रोगी होते. सुयांनी शंभरात ४८ जणांना आराम पडला. नेहमीच्या उपचारांनी २७ जणांना. मात्र भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या तोतया सुयांनीही ४४ जणांना! तेव्हा नेमक्या जागेपेक्षा रोग्याचा भरवसा आणि जवळ बसलेला माणूस, हेच बरेचसे काम करीत असावेत. गुरुजी, हा तोतया सुईचा प्रयोग वर्गात अवश्य सांगा. आणि कंबरेबरोबर पाय बधिर होत असेल, लघवी अडत असेल, तर सुई नको. तडक इस्पितळ गाठा.