फळ्यावरील खुणा आणि वेबपान

(पिशोर, ता. कन्नड येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



प्राथमिक शाळेतील मूल संगणकासमोर बसते ते बहुधा दुसऱ्याने रचलेले पाहण्यासाठीच. चित्र हलते, गाणे लागते, मूल रमते; परंतु त्याच्या हातून तेथे काही लिहिले जात नाही. वास्तविक ज्या पानांवर हे सारे दिसते, ती लिहिण्याची विद्या पाचवीतील मुलाच्या आवाक्याबाहेरची नव्हे. एचटीएमएल हे तिचे नाव.

नावाने बिचकण्याचे कारण नाही. शिक्षक पाठाचे नाव फळ्याच्या मध्यभागी लिहितो, खाली रेघ ओढतो, मुद्द्यांना क्रमांक देतो. कोणता मजकूर कोणत्या योग्यतेचा, हे मुलांस त्यावरून कळते. यंत्राला ते आपण होऊन कळत नाही, म्हणून लिहून सांगावयाचे, इतकेच. मजकुरापूर्वी कोनाकृती कंसांत खुणेचे नाव लिहावे व शेवटी तेच नाव तिरप्या रेघेसह लिहून खूण मिटवावी. मुख्य शीर्षकास ‘एच’ व त्यापुढे एकचा अंक, परिच्छेदास ‘पी’, दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यास ‘ए’. ही नावे रोमन लिपीतच लिहावी लागतात; पण राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच असल्यामुळे मुलांना ती अक्षरे परकी नाहीत.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन-संस्थेत ही पद्धती सिद्ध केली. १९९१ साली त्यांनी मांडलेल्या पहिल्या यादीत अवघ्या अठरा खुणा होत्या. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. म्हणून शाळेस परवाना लागत नाही. शिकण्यापुरते इंटरनेटही लागत नाही. नोटपॅडमध्ये लिहिलेले पान त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडते. वीज मात्र हवी. ती नसेल त्या दिवशी वहीत खुणा लिहाव्यात. मिटवावयाची राहिलेली खूण शोधण्याचा सराव कागदावरच अधिक चांगला होतो.

पहिले पान पिशोरचेच असावे. अद्रकाचे बेणे केव्हा लावतात, मातीची भर केव्हा देतात, हे मुलांनी घरी विचारून यावे. वर शीर्षक, खाली दोन परिच्छेद, आणि शेवटी वर्गमित्राने पितळखोऱ्याच्या लेण्यांवर केलेल्या पानाचा दुवा. एवढे एका आठवड्यास पुष्कळ झाले. रंगाचे नाव पहिल्या महिन्यात काढू नये. अक्षर मोठे दिसते म्हणून मुले प्रत्येक ओळीस शीर्षकाची खूण लावतात. तेथे मात्र थांबवावे. अंध वाचकाला पान वाचून दाखविणारे साधन या शीर्षकांच्या आधारेच वाट काढते. मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे पानावर घालू नयेत.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तो कोड म्हणजे दार. दारापलीकडचा मजकूर कोणी तरी लिहावाच लागतो, आणि तो आपल्या गावाविषयी असावयाचा तर बाहेरचा कोण लिहिणार?

आता एक अडचण, जिच्यामुळे मुलांचा उत्साह मावळतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत ‘क’ हे एक अक्षर तीन बाइटांत साठविले जाते. पानाच्या शिरोभागात ही पद्धत नोंदविली नाही, तर ब्राउझर ते तीन बाइट निरनिराळे वाचण्याचा संभव असतो आणि अक्षराऐवजी तीन अनोळखी चिन्हे उमटतात. ही चूक नोंद घालताच सुधारते. दुसरी सुधारत नाही. २०१९ पूर्वीच्या विंडोजमधील नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८ निवडीत नसे, आणि जुने संगणक अद्याप पुष्कळ शाळांतून आहेत. तेथे सूचनेकडे दुर्लक्ष करून पान जतन केले की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात व मूळ मजकूर कायमचा जातो. यास्तव जतन करतेवेळी यूटीएफ-८ निवडावे, आणि फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहिल्यावाचून मुलास घरी सोडू नये.